टफीवरचा आळ

आमच्या आजीनं एका कुत्र्याला सात महिने शिव्या घातल्या. कुत्रा निर्दोष होता. पण त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा कॅसेटीत मावला नव्हता, त्याला तो बिचारा तरी काय करणार?

कुत्र्याचं नाव टफी, तो सिनेमातला. साल १९९४. ऑगस्टच्या ५ तारखेला मुंबईत ‘लिबर्टी’ला ‘हम आपके हैं कौन’ लागला आणि आमच्या कराडात त्याची फक्त वर्णनं यायला लागली. सिनेमाच्या आधी साडी आली. कापडाच्या दुकानांत बायका ‘ती माधुरीची जांभळी’ मागायला लागल्या. सिनेमा पाहिलेला नसताना आईनं तसलं ब्लाऊज शिवायला टाकायचा विषय काढला, आणि बाबांनी पेपर उंच धरून तो संपवला.

तोवरचा शिरस्ता साधा होता. शुक्रवारी पिक्चर थेटरात, शनिवार-रविवारी भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटींच्या लायब्ररीत आणि पुढच्या आठवड्यात केबलवाल्याकडे. या क्रमात निर्मात्याला काय मिळतं, हा प्रश्न आमच्या गल्लीत कुणाला कधी पडला नव्हता. हा सिनेमा काढणाऱ्या राजश्रीवाल्यांना मात्र तो पडला. त्यांनी मोजक्याच प्रिंटा काढल्या, निवडक थेटरांत लावल्या आणि व्हिडिओचे हक्क कुणाला दिलेच नाहीत. बघायचाय तर तिकीट काढा! आम्हाला हा सरळ सरळ अन्याय वाटला.

आजीला तर फारच. “माधुरी आपली, लक्ष्मीकांत आपला, रीमा आपली. ती टीव्हीवरच्या ‘सुरभि’तली हसरी पोरगी, तीही आपलीच. अर्धा सिनेमा आपल्या माणसांचा आणि आपल्यालाच बघायला नाही? कार्य घरचं आणि जेवायला बाहेरचे!” आजीचे गुडघे गेलेले होते. एसटीनं कुठं जाऊन सिनेमा बघणं तिच्या हिशोबात काशीयात्रेच्या जवळपास होतं. म्हणजे आता भिस्त लायब्ररीवाल्यावर.

व्हीसीआर हा प्रकार आपल्याकडे बोकाळला तो १९८२च्या एशियाडपासून. रंगीत टीव्ही आले आणि त्यांच्या मागोमाग आखातातून येणाऱ्यांच्या सामानातून व्हीसीआर आले. सुरुवातीला गल्लीत वर्गणी काढून एका रात्रीसाठी भाड्यानं आणायचे. दोघं स्कूटरवरून जात आणि मागचा माणूस बाळंतिणीच्या बाळासारखा तो मांडीवर धरून येई. एका रात्रीत तीन पिक्चर वसूल करायचे. तिसरा पहाटे चारला सुरू होई आणि तो फक्त व्हीसीआर बघत असे. पुढं केबल आली, लोक यंत्रं विकायला लागले, तेव्हा बाबांनी एक जुना व्हीसीपी, म्हणजे नुसती कॅसेट दाखवणारं यंत्र, घेतला. आमच्या घरात कुठलीही वस्तू तिची हवा गेल्यानंतरच येते.

लायब्ररी म्हणजे एका टेलरच्या दुकानाचा पुढचा चार फूट भाग. मागं शिलाई मशीन, पुढं कॅसेटी. १९८४ साली कॉपीराइटचा कायदा कडक झाला होता. तेव्हापासून कॅसेटीवर निर्मात्याचं नाव आणि सेन्सॉरच्या सर्टिफिकेटची नक्कल असायला हवी होती. आमच्या लायब्ररीवाल्याकडच्या कॅसेटींवर बॉलपेनानं ‘अग्निपथ – रिवाइंड करून देणे’ एवढंच असे. धाड येणार अशी कुणकुण लागली की कॅसेटी मागं शिवायला आलेल्या पँटींच्या गठ्ठ्यात जात. त्यामुळे लग्नसराईत कधी पँट वेळेवर मिळायची नाही, कधी पिक्चर.

प्रिंटच्या बाबतीत त्याची स्वतःची भाषा होती, ती शिकायला आम्हाला दोन वर्षं लागली. ‘एकदम क्लिअर’ म्हणजे माणसं ओळखू येतात. ‘बऱ्यापैकी’ म्हणजे आवाजावरून ओळखू येतात. आणि ‘आज्जींना चालेल’ म्हणजे कॅसेट यंत्रातून फिरते.

दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी त्यानं मला हाक मारली, मागच्या मशीनकडे बघितलं आणि आवाज उतरवून म्हणाला, “आलाय. दुबई प्रिंट. आज्जींना चालेल.”

मी नववीत होतो. शर्टाच्या आत कॅसेट घालून सायकल अशी हाणली, की जणू पोटात स्मगलिंगचं सोनंच होतं.

दुबई प्रिंटची मजा अशी की ती असते पडद्यामागच्या खऱ्या रिळांवरून उतरवलेली, चांगली. पण दोन व्हीसीआर वायरीनं जोडून तिची कॉपी, त्या कॉपीची कॉपी असं करत करत ती कराडला येईपर्यंत रंग वाटेत एकेका स्टँडवर उतरत जातात. आमच्याकडे आलेली कॉपी मूळ कॅसेटीची पणती-खापरपणती असावी. घरात शेजारच्या दोन काकू, त्यांची पोरं, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू असे सतरा जण जमलेले. दिवे बंद. चिवड्याचा डबा फिरतोय. माधुरी जिना उतरून आली आणि सगळ्या बायका पुढं सरकल्या.

“ही कसली जांभळी?” आजी म्हणाली. “ही तर चांगली मळखाऊ आहे!”

खरंच, साडी वांग्याच्या भरताच्या रंगाची दिसत होती. बाबा ट्रॅकिंगच्या बटणाशी बसले होते. ते त्यांचं कायमचं आसन. त्यांनी बटण पिळलं, साडी हिरवी झाली. परत पिळलं, मुंग्या आल्या. “राहू दे, वांगीच बरी,” आई म्हणाली.

त्यात खालून जाहिरातींची पट्टी सरकत होती. दुबईतल्या कुठल्याशा सराफाची. गाणं चालू असताना ती खपून गेली. पण रेणुका शहाणे जिन्यावरून कोसळते, सगळं घर हंबरडा फोडतं, आमच्या काकू पदर डोळ्याला लावतात आणि बरोबर तिच्या कपाळावरून ‘बावीस कॅरेट, घडणावळ माफ’ असं सावकाश सरकत जातं. काकूंनी एक डोळा पुसला आणि दुसऱ्यानं सगळं वाचून काढलं.

आणि मग तो प्रसंग. बहिणीच्या बाळासाठी म्हणून माधुरी मोहनीश बहलशी, म्हणजे मेहुण्याशी, लग्नाला उभी. जीव सलमानवर. ती एक चिठ्ठी लिहिते आणि टफीच्या तोंडात देते, सलमानला दे म्हणून. टफी निघतो. सतरा माणसं श्वास रोखून बसलेली. टफी जातो, जातो आणि जाऊन उभा राहतो कुणासमोर? मोहनीश बहलसमोर.

मुंग्या. खट्ट असा आवाज. आणि कॅसेट आपली आपण उलटी फिरायला लागली.

बाबांनी व्हीसीपीच्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या. कॅसेट पुढं घेतली, मागं घेतली, स्पिरिटनं हेड पुसलं. शेवटी त्यांनी कॅसेट बाहेर काढून तिच्या पाठीवरचं वाचलं, आणि मॅट्रिकचा निकाल सांगावा तशा सुरात ते सांगितलं. ई-१८०.

म्हणजे १८० मिनिटं. तीन तास. आणि सिनेमा सव्वातीन तासांच्याही वरचा, पोटात चौदा गाणी घेऊन आलेला. कॉपी करणाऱ्यानं मधली दोन गाणी कापून प्रयत्न केला होता म्हणा. पण शेवट काही बसला नव्हता. शेराच्या मापात सव्वा शेर ओतल्यावर दुसरं काय होणार?

“मेल्याला घरात बसवून दूधभाकरी घालतात,” आजी कडाडली, “आणि एक चिठ्ठी नीट देता येत नाही? आमचा पोस्टमन परवडला!”

त्या रात्रीपासून आमच्या घरात त्या लग्नाचा निकाल लटकला. बाबा म्हणाले, “आई, राजश्रीचा पिक्चर आहे, शेवट गोडच असणार.” आजी म्हणाली, “गोड असणार हे मलाही कळतं. कसा होतो ते बघायचंय. पुरणपोळी गोड असते म्हणून कुणी नुसती वार्तेवर जेवतं का?” यावर बाबांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे आजही नाही. मुंबईच्या आत्यानं दोनदा पाहिला होता, पण तिनं पत्रात ‘शेवट फार छान’ एवढंच लिहिलं आणि पुढची दोन पानं थेटरातल्या एअरकंडिशनवर खर्ची घातली.

मी रोज शाळेतून येताना लायब्ररीवाल्याला विचारायचो. तो रोज म्हणायचा, “एंडिंग येतंय.” नोव्हेंबर गेला, संक्रांत गेली. इथं आमच्या दारात येणाऱ्या गरीब गावठी कुत्र्याची पोळी आजीनं बंद केली. जातीनं सगळे तसलेच, म्हणाली.

फेब्रुवारीत एंडिंग आलं. नुसतं एंडिंगच. दहा मिनिटांचं, एका जुन्या हळदीसमारंभाच्या कॅसेटीच्या शेपटाला उतरवलेलं. भाडं मात्र पूर्ण पिक्चरचं. ही कॅमेरा प्रिंट होती, म्हणजे कुणीतरी थेटरात बसून मांडीवरच्या कॅमेऱ्यानं पडदा टिपलेला. पडदा पतंगासारखा तिरका, खाली डोक्यांची रांग, एक पोरगं रडतंय, कुणीतरी त्याला ‘गप, बुवा येईल’ म्हणतंय. पण टफी दिसला! चिठ्ठी दिसली! मोहनीश बहलनं ती हातात घेतली...

आणि पुढच्या रांगेतला माणूस उठून उभा राहिला.

आपल्याकडच्या प्रेक्षकाला शेवट कधी येणार हे नाकानं कळतं. नायक-नायिका एकत्र येणार असं दिसलं, की याला सायकल स्टँडवरची गर्दी आठवते. तो उठला. त्यानं शर्ट पँटीत खोचला, निवांत, चारी बाजूंनी. मग चप्पल शोधली. मग त्याची बायको उठली, मग तिच्या कडेवरचं पोर. त्या तिघांच्या पाठीमागं सिनेमातलं सगळं खानदान बहुधा एकमेकांची क्षमा मागत होतं. आम्हाला दिसली ती एक पाठ आणि पाठीवर घामाचा डाग. डाग बाजूला झाला तेव्हा पडद्यावर अक्षरं वर चढत होती.

आजी काही बोलली नाही. तिचं न बोलणं हे बोलण्यापेक्षा खर्चाचं असतं. मे महिन्यात कोल्हापूरला मामाकडे जायचं ठरलं, तिथं पिक्चर अजून चालू होता. कराड ते कोल्हापूर दोन तास एसटी, गुडघ्यांना तेल, बरोबर उशी. आजीनं बाल्कनीचं तिकीट हातात घेऊन त्याच्याकडे इतका वेळ पाहिलं, की डोअरकीपर म्हणाला, “आजी, ओरिजनल आहे.”

जांभळी साडी जांभळी दिसली. आजीनं मान डोलावली, जणू तिनंच रंगवून दिली होती. चौदा गाणी झाली, जिना झाला, या वेळी घडणावळ कुणी माफ केली नाही. माझं लक्ष मात्र मधूनमधून मागं जात होतं. आमच्या दोन रांगा मागं एक माणूस कोल्हापूरच्या मे महिन्यात गळ्यापर्यंत चेन लावून जाकीट घालून बसला होता, आणि तीन तासांत एकदाही हसला नव्हता, रडला नव्हता, की हलला नव्हता. २०२३च्या पायरसीविरोधी कायद्यानं आता असल्या माणसाला निदान तीन महिने आत जावं लागेल, वर कमीत कमी तीन लाख दंड. त्या काळी त्याला एवढीच शिक्षा होती, की उकाड्यात शिजायचं आणि मांडी हलवायची नाही.

टफीच्या तोंडात चिठ्ठी आली. आजीनं माझा दंड धरला. टफी निघाला, मोहनीश बहलसमोर थांबला, त्यानं चिठ्ठी उघडली, आणि आमच्या पुढच्या रांगेतला एक धिप्पाड गृहस्थ उठून शर्ट खोचायला लागला.

सात महिन्यांचं साठलेलं बाहेर पडलं. “ए, बस की मेल्या खाली! पळतंय का तुझं घर?”

अख्खी बाल्कनी हसली. गृहस्थ अर्धा शर्ट बाहेर ठेवून खाली बसला, तो दिवे लागेपर्यंत. आणि आजीनं स्वच्छ, सरळ, बिनमुंग्यांचं पाहिलं, की चिठ्ठी चुकीच्या माणसाकडे गेली म्हणूनच लग्न बरोबर माणसाशी लागलं. मोहनीश बहलला सगळं कळलं, त्यानं स्वतः त्या दोघांना पुढं केलं. परतीच्या एसटीत पेठनाक्यापर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, “आपण त्याला उगीच बोललो.” कराडला आल्यावर दारातल्या गावठी कुत्र्याला त्या रात्री दोन पोळ्या मिळाल्या. वर तूप.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्याच दिवशी लायब्ररीवाल्यानं हाक मारली. “आलाय. दोन कॅसेटींत, एंडिंगसकट. एकदम क्लिअर!” गरज उरली नव्हती, पण सवयीनं आणला. कॅमेरा प्रिंटच होती, पण चांगली, पडदा सरळ, कॅमेरा जरासुद्धा न हललेला. काकू आल्या, भाडेकरू आले, चिवडा आला. टफी निघाला. चिठ्ठी उघडली. खालून एक धिप्पाड पाठ वर येऊ लागली, सतरा माणसांनी ‘अरेरे’ केलं, आणि टीव्हीतून खणखणीत आवाज आला, “ए, बस की मेल्या खाली!”

पाठ खाली बसली.

घरात सगळे आजीकडे बघायला लागले. आजी टीव्हीकडे बघत होती. “परत लाव,” एवढंच म्हणाली. बाबांनी चार वेळा लावलं.

दुसऱ्या दिवशी कॅसेटी परत द्यायला ती गुडघे धरत स्वतः आली, मी बरोबर. लायब्ररीवाल्यानं वही उघडली. “आज्जी, दोन कॅसेटींचे चाळीस.”

“वीस घे,” आजी म्हणाली. “दुसरीत माझं काम आहे.”