७०० एमबीत लग्न मावत नाही

गिरगाव-दादरपासून मुलुंड-बोरिवलीपर्यंत अनेक घरांच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: मुंबईच्या दमट हवेत लग्न-मुंजीच्या डीव्हीडी खराब होण्याआधी त्या संगणकावर घ्या, प्रत्येक डीव्हीडी ७०० एमबीत बसवा, चित्रात काहीही फरक पडत नाही, एच.२६५ (चित्रणाची फाइल लहान करण्याची एक नवी पद्धत) निवडल्यास आकार आणखी निम्मा होतो. १०८० हे मोठ्या चित्राचे माप निवडल्यास चित्र मुळापेक्षा स्पष्ट होते. आणि काम झाले की तबकड्या टाकून द्या. यातला डीव्हीडी संगणकावर घेण्याचा पहिला सल्ला बरोबर आहे आणि तातडीचाही आहे. त्यानंतरचे दावे आणि सल्ले मात्र लोकांच्या घरातल्या एकमेव चित्रणाचे कायमचे नुकसान करणारे आहेत, म्हणून त्यांचा एकेक करून विचार करणे आवश्यक वाटते.

प्रथम ७०० एमबीचा आकडा. तो चित्राच्या दर्जावरून ठरलेला नाही. कोऱ्या सीडीची क्षमता तेवढी होती आणि एका सीडीवर एक चित्रपट बसवण्याच्या काळात तो रूढ झाला. एका थराची डीव्हीडी ४.७ जीबीची असते. तीन तासांच्या लग्नाने ती पूर्ण भरली असेल, तर प्रत्येक सेकंदाच्या वाट्याला सुमारे ३.५ मेगाबिट येतात (बिट म्हणजे माहितीचा सर्वांत लहान घटक, मेगाबिट म्हणजे असे दहा लाख). तेच लग्न ७०० एमबीत कोंबले, तर आवाजासकट जेमतेम अर्धा मेगाबिट उरतो. डीव्हीडीवरच्या एमपेग-२ या जुन्या पद्धतीपेक्षा एच.२६४ ही नंतरची पद्धत पुष्कळ कार्यक्षम आहे, साधारण निम्म्या जागेत ती तोच दर्जा देऊ शकते, हे मान्य. परंतु येथे मागणी निम्म्याची नसून सातव्या हिश्श्याची आहे.

‘फरक दिसत नाही’ असे लोक प्रामाणिकपणे सांगतात, कारण ते मोबाइलच्या छोट्या पडद्यावर सुरुवातीची दोन मिनिटे पाहतात आणि त्या दोन मिनिटांत बहुधा स्थिर गणपती, मांडव आणि नावांची पाटी असते. संकोचन, म्हणजे फाइल लहान करणे, कसे चालते हे पाहिले, की फसगत कोठे होते ते कळते. प्रत्येक चित्राचे लहान चौकोन पाडले जातात, मागच्या-पुढच्या चित्रांतला कोणता भाग कोठे सरकला याचा अंदाज बांधला जातो आणि अंदाज जेथे चुकतो तेवढाच फरक साठवला जातो. बोहल्यावर शांत बसलेल्या माणसांसाठी हा अंदाज जवळजवळ फुकट मिळतो. मात्र अंतरपाट दूर होतो, चहूबाजूंनी अक्षता उडतात, छायाचित्रकारांचे फ्लॅश एकामागून एक चमकतात आणि पैठणीची जर हलत्या प्रकाशात झळकते, त्या क्षणी अंदाज सर्वत्र चुकतो आणि बिटांची गरज एकदम वाढते. तेथे बिट नसले, की अक्षतांचा चिखल होतो आणि वधू-वरांचे चेहरे चौकोनांत विरघळतात. म्हणजे ज्या क्षणासाठी चित्रण जपायचे, नेमका तोच क्षण सर्वांत आधी बळी जातो. विसर्जन मिरवणुकीतल्या गुलालाचे आणि पावसाचे असेच होते. नाटकाच्या चित्रणात आणखी वेगळी अडचण येते: काळोख्या रंगमंचावरच्या मंद छटा अपुऱ्या बिटांत पट्ट्यापट्ट्यांच्या दिसू लागतात.

म्हणून आकार आधी ठरवणे हीच मूळ चूक आहे. दर्जा ठरवावा आणि आकार जो येईल तो येऊ द्यावा. हँडब्रेकसारख्या मोफत साधनात यासाठी स्थिर दर्जाचा आकडा असतो. एच.२६४ फाइल बनवणाऱ्या एक्स२६४ मध्ये ही मोजपट्टी साधारणपणे ० ते ५१ अशी चालते. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला, आणि ६ ने आकडा बदलला की आकार ढोबळमानाने दुप्पट किंवा निम्मा होतो. डीव्हीडीच्या चित्रासाठी १८ ते २२ हा पल्ला योग्य आहे. घरगुती, पुन्हा न मिळणाऱ्या चित्रणासाठी मी १८ कडे झुकेन. अशाने एका लग्नाची फाइल दुसऱ्याच्या दुप्पट आली, तरी त्यात काही बिघडलेले नाही. त्या चित्रणाची गरजच तेवढी असते. व्हीएचएस कॅसेटवरून डीव्हीडीवर उतरवलेले चित्रण तर त्यातल्या खरखरीमुळे अपेक्षेपेक्षा मोठे होते.

एच.२६५ बद्दल थोडक्यात. त्याचा फायदा मोठ्या चित्रांवर ठळक असतो, डीव्हीडीच्या लहान चित्रावर कमी. शिवाय दोन्हींचे आकडे सारखे नाहीत: एक्स२६४ मध्ये आपण काही न निवडल्यास आकडा २३ असतो, तर एच.२६५ साठीच्या एक्स२६५ मध्ये २८. आणि घरातला जुना टीव्ही ती फाइल उघडेलच असे नाही.

१०८० चा दावा साध्या गुणाकाराने कोसळतो. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीचे चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदूंचे असते. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६००, बरोबर पाचपट. मुळात नसलेले ते बिंदू शेजारच्या बिंदूंवरून अंदाजाने भरले जातात आणि त्यांच्यासाठीही बिट खर्च होतात. चित्र मोठे करण्याचे काम टीव्ही स्वतःच करतो. फाइल मूळ मापातच ठेवावी, फक्त रुंदी-उंचीचे प्रमाण बिघडू देऊ नये.

संदेशात ज्याचा उल्लेखच नाही, ती गोष्टही महत्त्वाची आहे. डीव्हीडीच्या काळातल्या कॅमेऱ्यांचे चित्रण बहुधा इंटरलेस्ड, म्हणजे सेकंदाला ५० अर्ध्या चित्रांचे असते. ते तसेच संकोचित केले, तर हलत्या हातांच्या कडांना कंगव्यासारखे दाते येतात. २५ पूर्ण चित्रे केली, तर अर्धी हालचाल नाहीशी होते. डीइंटरलेस करताना, म्हणजे अर्ध्या चित्रांची पूर्ण चित्रे बनवताना, ‘बॉब’ हा पर्याय निवडून ५० पूर्ण चित्रे ठेवली, तर वरातीतले नाचणे पूर्वीइतकेच सलग दिसते.

राहिला तबकड्या टाकून देण्याचा सल्ला. संकोचनात गेलेला तपशील परत आणता येत नाही, त्यामुळे संकोचित फाइल ही पाहण्याची प्रत आहे, जतनाची नव्हे. जतनासाठी डीव्हीडीची आयएसओ प्रतिमा (संपूर्ण तबकडीची एकाच फाइलमधली हुबेहूब प्रत) किंवा तबकडीवरचा व्हिडिओ_टीएस (VIDEO_TS) हा संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा उतरवावा. १ टीबीच्या डिस्कवर एका थराच्या भरलेल्या २०० हून अधिक डीव्हीडी मावतात. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली अशी एक डिस्क बहुतेक कुटुंबांच्या सगळ्या समारंभांना पुरते, आणि दुसरी डिस्क घेऊन तिच्यावरची प्रत नातेवाइकांकडे ठेवावी. घरी लिहिलेल्या डीव्हीडीवरची माहिती सेंद्रिय रंगाच्या थरात असते आणि उष्णता, ओल व उन्हाने तो थर खराब होतो, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये. तबकडी अडखळत असेल, तर डीडीरेस्क्यू हे साधन आधी वाचता येणारा भाग उतरवते आणि मग खराब भागावर पुन्हा प्रयत्न करते. ज्यांनी संदेश वाचून ७०० एमबीच्या फाइली केल्या आहेत, पण तबकड्या अजून माळ्यावर आहेत, त्यांनी त्या याच आठवड्यात खाली काढून पुन्हा पूर्ण उतरवून घ्याव्यात.