जिन्न म्हणजे मेलेल्याचे भूत नव्हे

“इस्लामी भयपट म्हणजे ‘द एक्झॉर्सिस्ट’ची नक्कल, क्रूस काढून कुराण ठेवायचे आणि पाद्र्याऐवजी मौलवी उभा करायचा,” हे विधान सध्या सर्रास फिरते आहे.

नकलेचा आरोप एका चित्रपटापुरता मान्य करावाच लागतो. १९७३ च्या त्या अमेरिकी चित्रपटावरून मेतिन एर्कसान यांनी १९७४ मध्ये केलेला तुर्की ‘शेतान’ बहुतेक प्रसंगांत मुळाचीच री ओढतो. मात्र त्यावरून पुढच्या साऱ्या चित्रपटांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. २०१४ च्या तुर्की ‘सिज्जीन’मध्ये एक स्त्री एकतर्फी प्रेमापायी आपल्याच नात्यातल्या संसारावर करणी करवते, तिथे अनर्थाचे मूळ सैतानात नसून माणसाच्या हव्यासात आहे.

या विधानामागे जिन्न म्हणजे मुसलमानांचे भूत किंवा सैतान, ही समजूत आहे. आपल्याकडचा मुंजा किंवा हडळ कधीकाळी माणूस असते. खविसालाही आपण मेलेल्या मुसलमानाचे भूत ठरवले, पण त्या शब्दामागच्या अरबी ‘खबीस’चा अर्थ ‘दुष्ट, अमंगळ’ एवढाच आहे. जिन्न मात्र कधीच माणूस नव्हता. कुराणानुसार तो धूररहित अग्नीतून निर्माण झाला आणि बहात्तराव्या सूरेत, म्हणजे अध्यायात, तर जिन्नांचा एक समूह कुराण ऐकून श्रद्धा स्वीकारतो व आपल्यात सज्जनही आहेत आणि तसे नसलेलेही, असे सांगतो. म्हणूनच १३२८ मध्ये वारलेले विद्वान इब्न तैमिय्या यांनी झपाटण्याच्या कारणांत प्रेम आणि सूड हे दोन्ही धरले आहेत: कोणी नकळत जिन्नावर कढत पाणी ओतले, तर तो सूड घेईल, आणि तेव्हा त्या माणसाला ठाऊक नव्हते, असे जिन्नाला समजावून सांगावे. ज्याच्याशी असा वाद घालता येतो, त्याची भीती निखळ दुष्टाव्याच्या भीतीहून निराळी असते, आणि मला ती अधिक अस्वस्थ करते.

मौलवीचा मुद्दाही टिकत नाही. भूत उतरवण्याच्या कॅथलिक विधीला बिशपची परवानगी लागते. ‘रुक्या’त, म्हणजे कुराण म्हणून बाधा दूर करण्याच्या इस्लामी रीतीत, फातिहा ही पहिली सूरा, आयतुल कुर्सी ही आयत आणि शेवटच्या दोन सूरा कोणताही मुसलमान म्हणू शकतो.

बाबक अन्वरी यांच्या २०१६ च्या ‘अंडर द शॅडो’मध्ये तर भूत उतरवणारा मौलवीच नाही. इराण-इराक युद्धातल्या तेहरानमध्ये, क्षेपणास्त्रांच्या छायेत, राजकीय कारणांवरून वैद्यकीय शिक्षणाला मुकलेली शिदेह मुलीला सांभाळते आहे. जिन्नाच्या भीतीने ती मुलीला उचलून डोक्यावर वस्त्र न घेता रस्त्यावर धावते, आणि तिथे तिला डोके उघडे असल्याबद्दल अटक होते.