लहरी कुंपणाबाहेर जाता कामा नयेत

आज अकराव्यांदा गेलो होतो. अकराव्यांदा! लग्नासाठी मुली बघतानासुद्धा मी एवढ्या घरांचे पोहे खाल्ले नव्हते.

कार्यालयाचं नाव घेत नाही, सोमवारी परत तिथेच जायचंय.

तर बागेत फुकट वायफाय लावायच्या परवानगीची फाइल परत आली. सात महिने फिरली, सहा टेबलांवर सह्या गोळा केल्या आणि पुन्हा माझ्याच हातात. वर टाचणीने लावलेला कागद, त्यावर हिरव्या शाईत शेरा : ‘वायफायच्या लहरी उद्यानाच्या हद्दीबाहेर जाणार नाहीत याबाबत अर्जदाराने नकाशासह खुलासा करावा. हद्द लाल रंगात दर्शवावी.’

तीनदा वाचला. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला. हद्द. लाल रंगात.

“साहेब, लहरी म्हणजे काय म्हशी आहेत का, दाव्याला बांधायला?” मी विचारलं. साहेब बॉलपेन टकटक करत होते. (बॉलपेन टकटक करणाऱ्या माणसांना आवक-जावकच्या रांगेत कायमचं उभं केलं पाहिजे.) म्हणाले, “काका, ते वरून आलंय.” वरून पाऊस येतो, पाल येते आणि शेरा येतो, तिघांनाही जाब विचारायची सोय नाही. आणि हा ‘काका’ म्हणणारा स्वतः पन्नाशीचा. केस माझ्यापेक्षा कमी.

मागतोय काय मी? दुकान माझं, कनेक्शन माझं, बिल माझं, वायफायचा डबा माझा. समोरच्या बागेतला एक दिव्याचा खांब द्या म्हणतोय, तोही फक्त पट्टी आवळण्यापुरता. बाजूच्या अभ्यासिकेतली एमपीएससीची पोरं संध्याकाळी बागेत बाकावर बसतात. आठ वाजले की एकेकाचा दीड जीबी संपतो आणि दुकानाच्या पायरीवर येऊन ‘काका, हॉटस्पॉट?’ सुरू. (त्यांनी काका म्हटलेलं चालतं.)

डिसेंबर 2020 मध्ये केंद्राने पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची योजना आणली. चहाच्या टपरीवाल्यानेही वायफाय द्यावं. त्याला परवाना नको, नोंदणी नको, फी नको. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ लहरींना तर 2005 पासूनच परवाना लागत नाही. म्हणजे दिल्लीपासून आमच्या नाशिकरोडपर्यंत आकाश मोकळं. अडलं कुठे, तर जमिनीपासून बारा फुटांवर. हे सगळं पहिल्याच दिवशी प्रिंट काढून घेऊन गेलो होतो. पहिल्या टेबलाने प्रिंट उलटी केली आणि पाठकोऱ्या बाजूला भिशीचा हिशोब मांडला. माझ्यासमोर!

मग सुरू झाली मिरवणूक. झाडांवाले म्हणतात खांब दिव्यांवाल्यांचा. दिव्यांवाले म्हणतात खांब आमचा, पण उभा त्यांच्या बागेत. जागावाले म्हणतात ते दोघं बघून घेतील, तुम्ही भाडं किती देणार ते बोला. मी म्हटलं, अहो फुकट द्यायचंय. “फुकट?” मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की मीच माझे खिसे चाचपले. “मग यात तुमचं काय?” सात महिन्यांत हा प्रश्न सहाही टेबलांनी विचारला. एकाने तर आवाज खाली आणून विचारलं, “इलेक्शनचं चाललंय का काही?” दोनशे रुपये मागितले असते तर लगेच विश्वास बसला असता.

दिव्यांवाल्यांना लोड हवा होता. सांगितलं, पंधरा वॅटच्या आत. शून्याचा बल्ब असतो ना देवघरात, नावाला शून्य आणि खातो पंधरा, तेवढंच. तर म्हणे स्वतंत्र मीटर घ्या. त्याच बागेतले चार दिवे सकाळी दहाच्या उन्हात जळत असतात, ते कुणाच्या मीटरवर?

झाडांवाल्यांनी 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा काढला. काढा की, झाडं मलाही प्रिय आहेत. पण मी झाडाला हातही लावत नाही, खांबाला लावतोय. “पण खांब झाडाजवळ आहे.” बरं, डबा बागेत लागतो तोच मुळी झाडांमुळे. पानांत पाणी असतं आणि पाणी या लहरी गिळतं, म्हणून रस्त्यापलीकडच्या दुकानातून भागत नाही. हे समजावून सांगत असताना खिडकीतून मला समोरच्या झाडावर एका भाऊंचा वाढदिवसाचा फ्लेक्स दिसत होता. चार खिळे ठोकलेला. त्या भाऊंनी कोणत्या टेबलावर हद्द लाल रंगात दाखवली? केबलवाल्यांच्या तारा खांबाखांबांवरून वाळत घातलेल्या शेवयांसारख्या लोंबतायत, त्यांचा नकाशा कुठे आहे? ताटाएवढा डबा मात्र शहराच्या सुरक्षिततेचा प्रश्न!

आणि स्टॅम्प. प्रतिज्ञापत्र पाचशेच्या स्टॅम्पवर आणा. ऑक्टोबर 2024 च्या आधी निदान शंभरात भागायचं. मुळात सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क 2004 सालापासून माफ आहे, साध्या कागदावर चालतं. हे मी सांगितलं, तर मॅडम म्हणाल्या, “चालतं हो, पण स्टॅम्पवर बरं दिसतं.”

बरं दिसतं! पाचशे रुपयांचं बरं दिसणं. वर बाहेरचा झेरॉक्सवाला एका पानाचे पाच रुपये घेतो, कारण त्याला माहीत आहे की आत गेलेला माणूस ‘दोन प्रतीत’ ऐकून बाहेर येणारच. आणि हे सगळं करायला नाशिकरोडहून निघायचं, द्वारका सर्कलला अर्धा तास धूर खायचा, पार्किंग शोधायचं आणि वर गेल्यावर कळतं की साहेब व्हीसीला, म्हणजे व्हिडिओवरच्या मीटिंगला बसलेत. नाहीतर सिंहस्थ. हल्ली प्रत्येक वाक्याच्या शेवटी सिंहस्थ. “सिंहस्थ होऊ द्या एकदा.” खरा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो, यांचा रोज दुपारी दीड ते अडीच असतो.

असो. आजचं पुढे ऐका, कारण इथून गोष्ट जरा वाकडी जाते.

शेऱ्याखालचं पत्र वाचायला घेतलं आणि माझं डोकंच फिरलं. ‘विषय : उद्यानात मोफत वायफळ सुविधा बसविणेबाबत.’

वायफळ!

मी जे काही सुरू झालो. अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं असेल. “सात महिने! सहा सह्या! एकानेही विषयसुद्धा वाचला नाही? वायफाय आणि वायफळ यातला फरक कळत नाही, आणि आम्ही लहरींच्या हद्दी काढत बसायच्या?” रांगेतले लोक माझ्या बाजूने माना हलवायला लागले. एक आजोबा तर “बरोबर आहे, बरोबर आहे” म्हणत पुढेच सरकले. खूप दिवसांनी कुणीतरी माझं ऐकत होतं, त्यामुळे मी अजून दोन मिनिटं ताणलं.

साहेब शांत. पेनसुद्धा थांबलं. त्यांनी बोट जिभेला लावलं, फाइल उलटवत उलटवत तळाशी गेले आणि माझा मूळ अर्ज माझ्यासमोर सरकवला. मोबाइलवर बोटाने टाइप केलेला, घाईघाईत प्रिंट काढलेला. ‘विषय : आमच्या उद्यानात मोफत वायफळ सुविधा बसविण्यास परवानगी मिळणेबाबत.’ खाली माझी सही. ठसठशीत, दोन टिंबांसकट.

“काका,” साहेब म्हणाले, “आम्ही अर्जदाराचा विषय बदलत नाही.”

आजोबा आपल्या जागेवर परत गेले.

त्या कीबोर्डला मी सात महिन्यांपूर्वीच विहिरीत टाकायला हवं होतं. पण खरं सांगतो, अर्ज मी वाचला नव्हता. सहा टेबलांना शिव्या घालतोय तो सातवा मीच. घरी येऊन सांगितलं तर बायको इतकी हसली की पोळी करपली. म्हणाली, “त्या फाइलीत तेवढाच एक शब्द खरा आहे.”

तरीही! तरीही विषय दुरुस्त करायचा तर म्हणे नवीन अर्ज. नवीन अर्ज म्हणजे नवीन आवक नंबर, नवीन आवक नंबर म्हणजे परत पहिलं टेबल, पाठकोरा कागद आणि भिशी. एका शब्दावर काट मारून शेजारी सही करायला काय धाड भरलीये? विचारलं तेही. उत्तर आलं, “होऊन जाईल हो.” हे शब्द ऐकले की मला कळतं, दिवाळी गेली.

आता रात्रीचे साडेनऊ झालेत, दुकानाचं शटर अर्धं खाली आहे आणि मी मुलीची कंपासपेटी घेऊन बागेचा नकाशा काढतोय. लाल स्केचपेनने कुंपण. समोर पहिल्या तीन बाकांवर पोरं बसलीयेत, तोंडावर मोबाइलचा उजेड. काउंटरवरच्या माझ्या राउटरच्या लहरी रस्ता ओलांडतात, कुंपण ओलांडतात आणि तिसऱ्या बाकापर्यंत आत जातात. चौथ्याशी गुलमोहर आडवा येतो. पासवर्ड पोरांना मीच दिलाय. म्हणजे हद्दीचा भंग रोज संध्याकाळी आठपासून चालू आहे, फक्त उलट्या दिशेने.

नकाशात तिसरा बाक दाखवावा की गाळावा, त्यावर अडलोय.