तुमचं इंग्लंड

भाऊबीजेला धाकट्या भावाचा फोन आला. ओवाळणीचं बोलणं दोन मिनिटांत उरकलं आणि गाडी नेहमीच्या रुळावर आली. "ताई, तुमचं इंग्लंड आमच्या चोरांना किती दिवस पोसणार? मल्ल्या, नीरव मोदी, सगळे तिकडे मजेत!"

मजेत? नीरव मोदीला मार्च २०१९ मध्ये लंडनमध्ये पकडलं आणि पुढची कित्येक वर्षं त्याने इथल्या तुरुंगातच काढली. जामिनाचे अर्ज एकामागून एक फेटाळले गेले. पण हे ऐकून घ्यायला भावाला सवड नाही. नाव कळवलं की माणसाला विमानात बसवून पाठवायचं, एवढाच त्याच्या लेखी प्रत्यार्पण कराराचा, म्हणजे आरोपी एकमेकांच्या हवाली करायच्या कराराचा, अर्थ.

भारत-ब्रिटन करार १९९२ सालचा. भारतातर्फे त्यावर सही शंकरराव चव्हाणांची, तेव्हा ते देशाचे गृहमंत्री होते. या वाटेवर पायऱ्या बऱ्याच आहेत. दिल्लीची मागणी आधी होम ऑफिसकडे, म्हणजे इथल्या गृहखात्याकडे येते, मग कोर्टाचं वॉरंट निघतं. ज्याबद्दल मागणी आहे ते कृत्य इथल्या कायद्यातही गुन्हा ठरतं का, प्रथमदर्शनी पुरावा आहे का, तिकडच्या तुरुंगात माणसाचे हाल तर होणार नाहीत ना, हे जिल्हा न्यायाधीश तपासतात. मग सही इथल्या गृहमंत्र्यांची, आणि त्यावर हायकोर्टात अपील. मल्ल्याच्या विरोधात डिसेंबर २०१८ मध्ये निकाल लागला, एप्रिल २०२० मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. तरी तो इथेच राहिला, याचा राग मलाही येतो. पण इथे कौन्सिल टॅक्सचा, म्हणजे घरपट्टीचा, आकडा चुकला तरी दाद मागता येते, तर माणूस दुसऱ्या देशाच्या हवाली करताना विचारपूस नको? आपल्याकडे माणूस पकडला की संध्याकाळच्या चॅनलवरच निकाल लागतो.

"अमेरिकेने २६/११ च्या राणाला दिलाच ना?" भावाचा पुढचा मुद्दा. दिला, एप्रिल २०२५ मध्ये, पण त्याला अटक २०२० सालची. त्याच हल्ल्यातल्या हेडलीला दिला नाही. भोपाळ वायुकांडातल्या युनियन कार्बाइडचा प्रमुख वॉरन अँडरसन, त्याला तर कधीच दिला नाही. आणि १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला अबू सालेम? पोर्तुगालने २००५ मध्ये तो दिला, कारण भारताने लेखी हमी दिली होती: फाशी नाही, पंचवीस वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. असला शब्द कशाला पाळायचा, असं भाऊ म्हणतो. २०२२ मध्ये आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पाळावा लागेल. आज शब्द मोडला तर उद्या कुठला देश आपल्या हाती माणूस देईल?

इतकं सगळं मी तावातावाने बोलते. एक गोष्ट मात्र त्याला कधी सांगितली नाही.

जुलै २०१८ मध्ये मल्ल्याच्या सुनावणीला मी रजा टाकून मेरिलबोन रोडच्या कोर्टात जाऊन बसले होते. चर्चा मुंबईच्या आर्थर रोड जेलच्या बारा नंबर बराकीची होती; भारतात नेल्यावर मल्ल्याला तिथेच ठेवणार होते. बराकीचा व्हिडिओ पाठवा, दुपारच्या उजेडात, टॉर्च न लावता काढलेला, असं न्यायाधीशबाईंनी भारताला सांगितलं. आत उजेड येतो का, ते त्यांना पाहायचं होतं.

मी डिलाईल रोडच्या चाळीत वाढले. सात रस्त्याला जाताना त्या जेलची भिंत लागायची. आई माझा हात घट्ट धरून भराभर चालायची. फाटकाशी पिशव्या मांडीवर घेऊन बायका बसलेल्या असायच्या, मुलाखतीच्या नंबरासाठी. एकीच्या पिशवीतून स्टीलच्या डब्याची कडी बाहेर आलेली, आणि कडेवरचं पोर तीच कडी ओढत होतं, हे मला अजून दिसतं. त्यांची माणसं कुठल्या बराकीत होती आणि तिथे उजेड येत होता का, हे कुठल्याही कोर्टाने विचारलेलं माझ्या कानावर आलं नाही. क्षमतेच्या कित्येक पट कैदी त्या भिंतीआड दाटीवाटीने झोपतात, हे आख्ख्या मुंबईला माहीत आहे.

आणि तरीही त्या बाकावर बसून माझा जीव न्यायाधीशबाईंवरच चिडला. आमच्या आर्थर रोडची झडती घेणाऱ्या तुम्ही कोण, हेच मनात आलं. भाऊ फोनवर बोलतो तेच, त्याच रागाने. भारतीय पासपोर्ट परत करून मला तेव्हा तीन वर्षं झाली होती. पर्समध्ये ब्रिटिश पासपोर्ट होता, दारावरच्या तपासणीत मीच ती पर्स उघडून दाखवली होती. लाज वाटली ती दोन्हीची, त्या अंधाऱ्या बराकींची आणि माझ्या रागाची.

संध्याकाळी घरी येऊन आईला फोन लावला. "अगं, आपलं आर्थर रोड जेल इथल्या कोर्टात दाखवणार आहेत, व्हिडिओवर."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्यात आपला रस्ता दिसेल का गं तुला?"