‘उन्हाळ्यात हवा कमी ठेवा’ हा मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका

मामांनी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज तुमच्याकडेही आला असेल. ‘उन्हाळ्यात समृद्धीवर जाताय? टायरमध्ये हवा तीन पॉइंट कमी ठेवा. वाटेत थांबून वाढलेली हवा सोडा. नायट्रोजनच भरा. काँक्रीटच्या रस्त्यावर हवा फुगून टायर फुटतात.’ एरवी मी असल्या मेसेजच्या वाटेला जात नाही. पण तो वाचून माझ्या धाकट्या भावाने सात माणसं बसलेल्या गाडीची हवा सोडली, म्हणून लिहितोय.

आधी हवा सोडण्याचंच बघू, सगळ्यात घातक तेच आहे. मे महिन्यात नाशिकहून नागपूरला लग्नाला निघालो. पहाटे मी स्वतः ३६ पॉइंट (म्हणजे पीएसआय, हवेच्या दाबाचं माप) हवा भरली होती. दाराजवळच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी तेवढीच सांगितली आहे. दुपारी मी चहा आणायला गेलो तेवढ्यात भावाने मीटर लावला, ४२ दिसले, आणि पठ्ठ्याने किल्लीच्या टोकाने व्हॉल्व्ह दाबून चारही चाकं ३३ वर आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी गार टायर मोजले तर २७! नऊ पॉइंट कमी. अरे, स्टिकरवरचा आकडा गार टायरचाच असतो. धावल्यावर पाच-सहा वाढणार, हे त्यात धरलेलंच असतं.

हवा तापून फुगते, हे मान्य. पण तेवढ्याने धडधाकट टायर फुटत नाही. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त दबते. तार पुन्हापुन्हा वाकवली की वाकते तिथे चटका बसतो ना, तसंच. १२० च्या वेगाने हे मिनिटाला हजारेक वेळा होतं, आणि त्या उष्णतेने टायरचे थर सुटतात.

पुरावा हवाय? अमेरिकेत २००० साली फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. फोर्ड एक्सप्लोररवरच्या या टायरची वरची पट्टीच सुटून यायची. टायरच्या बनावटीत दोष होताच, पण फोर्डने हवा फक्त २६ सांगितली होती आणि फायरस्टोनच्या मते ३० हवी होती. अपघात जास्त झाले ते टेक्सास, फ्लोरिडासारख्या उष्ण राज्यांत. त्याच वर्षी तिथे कायदा झाला आणि त्यातून डॅशबोर्डवर टायरचा इशारा देणारा दिवा सक्तीचा झाला. तो दिवा हवा कमी झाली की लागतो!

नायट्रोजनचं म्हणाल तर साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. जरा हळू झिरपतो एवढंच, फुगतो तितकाच.

काँक्रीटला दोष देण्याआधी टायरचं वय बघा. बाजूला चार आकडे असतात, आधी आठवडा, मग वर्ष. त्या दिवशी नागपुरात आमची स्टेपनीही तपासली. २२१६. म्हणजे २०१६ चा बाविसावा आठवडा.