आमटीतली गोळी: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंत, "विचारून दिली तर कुठला दारुडा गोळी घेईल? दिरांना तीन महिने आमटीतून दिली, दारू सुटली. बंद केली, पुन्हा सुरू. म्हणजे औषधातच दम नाही." घरातल्या बायांवर ही पाळी का येते ते समजतं, दोष देत नाही. पण डायसल्फिरॅम, म्हणजे दारू सोडवण्यासाठीची ही गोळी, चोरून देऊ नका, हे म्हणणं मी मागे घेणार नाही.

ही गोळी तलफ मारत नाही. दारूपासून शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होतं. ते पुढे फोडणारं विकर (एन्झाइम) ती अडवते. मग चेहरा लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. हे होणार हे ठाऊक असतं म्हणून माणूस ग्लास उचलत नाही. तुमच्या दिरांना बहुधा एवढंच वाटलं असेल की हल्ली दारू बाधते. बाधेनाशी झाली, प्यायला लागले.

अमेरिकेत १९८६ साली ६०५ पुरुषांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला २५० मिलिग्रॅम, दुसऱ्याला नावापुरती १ मिलिग्रॅम, तिसऱ्याला डायसल्फिरॅम नाहीच. पूर्ण सुटण्यात तिघांत फरक पडला नाही, कारण नेमाने गोळ्या घेणारे पाचात एक. याउलट मुंबईत १०० पुरुषांवर झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गोळ्यांवर लक्ष ठेवायला घरचं माणूस होतं. वर्षअखेर डायसल्फिरॅमवाले ८६ टक्के दारूपासून लांब, नाल्ट्रेक्सोनवाले (हे तलफ कमी करणारं औषध) ४४. कोणाला काय दिलंय हे सगळ्यांना माहीत होतं, हा त्यातला कच्चा दुवा. पण धाकावर चालणारं औषध लपवून तपासणार तरी कसं?

चोरून देण्यातला खरा धोका कॅज्युअल्टीत दिसतो. माणूस क्वार्टर पिऊन कोसळतो, हृदयविकार असेल तर जिवावर बेततं, आणि गोळीबद्दल डॉक्टरांना कोणी सांगत नाही. शेवटच्या गोळीनंतर चौदा दिवसांपर्यंत असं होऊ शकतं. खोकल्याचं औषध, द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांतही अल्कोहोल असतं. बिचाऱ्याला ते टाळायचंय हेच माहीत नसतं.

रीत अशी. आधी हृदय आणि यकृताची तपासणी. शेवटच्या घोटानंतर किमान बारा तास गेल्याशिवाय पहिली गोळी नाही. मग त्यांच्या संमतीने, रोज सकाळी ठरलेल्या एकाच माणसासमोर, पाण्यात कालवून. खिशात औषधाचं नाव लिहिलेली चिठ्ठी. दोन आठवड्यांनी यकृताची तपासणी पुन्हा. डोळे पिवळे किंवा लघवी गडद दिसली तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर. मेट्रोनिडॅझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध सोबत नको, भ्रम होतो. गोळी टाळायला लागले तर ती पिण्याआधीची खूण समजा. भांडू नका, लगेच समुपदेशकाकडे न्या.

सध्या ते रोज पीत असतील तर घरी एकदम बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे वात होतो, म्हणजे माणूस भ्रमात जातो. ते दिवस दवाखान्यात काढावेत. आणि तिथे डॉक्टरांसमोर दिरांना सांगा, आमटीत काय होतं ते. त्यांच्या हातात पुढची गोळी त्यानंतरच द्यायची.