१६५ एचआर १५ टायरच्या जागी १९५/६५ आर१५? खुलासा

‘जुन्या स्पोर्ट्स कारला १६५ एचआर १५ ऐवजी १९५/६५ आर१५ बिनधास्त बसवा, व्यास जवळपास तोच’ हा सल्ला सध्या फिरतो आहे. (१६५ आणि १९५ म्हणजे टायरची रुंदी मिमीमध्ये, १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत.) व्यासाचं ठीक आहे, पण सल्ला अर्धवट आहे.

जुन्या आकारात प्रोफाइलचा आकडा (साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूची, उंची रुंदीच्या किती टक्के; १९५/६५ मध्ये ६५) नसला तर तो साधारण ८० ते ८२ टक्के धरायचा. म्हणजे व्यास सुमारे ६५० मिमी. १९५/६५ चा सुमारे ६३५. खरी अडचण रुंदीची. १९५/६५ ला किमान साडेपाच इंची रिम लागते आणि या गाड्यांच्या रिमा बहुधा चार-साडेचार इंची. मग साइडवॉल आत ओढली जाते, ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग) मधोमध फुगून तिथेच झिजतो, वळणावर टायर डुलतो. पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड होतं ते वेगळंच. पुढचं चाक पूर्ण वळवून मडगार्डला घासतं का तेही बघा.

सरळ पर्याय १६५/८० आर१५. वेगाचं अक्षर एच (ताशी २१० किमी) किंवा वरचं घ्या. तारांच्या चाकांना ट्यूब हवीच, स्पोक रिमला जोडणाऱ्या निपलांमधून हवा गळते. साइडवॉलवर २३२४ दिसलं तर टायर २०२४ च्या २३ व्या आठवड्यातला. नक्षी कोरी असली तरी दहा वर्षांपुढचा टायर नको.